शनिवारचा समुद्र

आमच्या शाळेत उन्हाळ्याला दरसाल एक विषय असतो.
मागल्या साली अंतराळ होतं.
हेडसर डोक्यात घागर घालून चंद्रावर उतरले
आणि घागर काही निघेना.
शेवटी मीच खोबरेल लावून काढली.

यंदा कौसडीकर मॅडमनी फळ्यावर लिहिलं: समुद्र.
मी दारात खिचडीचे तांदूळ निवडत होते.
बेचाळीस लेकरं, एकानंही पाहिलेला नाही.
मी तरी कुठं पाहिलाय.
आमच्याकडं मोठं पाणी म्हणजे धरण,
आणि मे महिन्यात त्याचंही बूड दिसतं.

मॅडम म्हणाल्या, पाणी नको, निळं काहीतरी आणा.
वसमतच्या मोंढ्यातून बाबूशेठनं ताडपत्री दिली,
हळदीच्या ढिगावर घालायची,
दिवस मावळायला परत, या बोलीवर.
मैदानभर पसरली. कडेला पिवळी, घडीघडीत पिवळी,
आणि वास असा की खंदाऱ्याची सून म्हणाली,
"बाई गं, समुद्राचं लगीन हाय की काय आज?"

मुक्ता जेलीफिश झाली.
छत्रीला फाटक्या ओढण्यांच्या चिंध्या,
उघडमीट करत आली अन् दारातच अडकली.
अर्षद चाऊस खेकडा. दोन्ही हातांत
बापाच्या गॅरेजातले पाने.
घरापासून शाळेपर्यंत आडवाच चालत आला म्हणे.
व्यंकटीला काहीच सुचलं नाही,
तो पोतं पांघरून खडक झाला.
सगळ्यात जास्त घाम त्यालाच.

मग अडलं आवाजापाशी.
समुद्र वाजतो कसा?
गावातून तिथवर गेलेला एकच माणूस, गफूरमामू,
ट्रकवर क्लीनर होता तेव्हा.
खुर्ची दिली. मामूनं टोपी नीट केली.
"रात्री पोचलो, रात्रीच निघालो. दिसलं काय नाय.
आयकलं मातर.
कुणीतरी लई मोठ्या सुपात ज्वारी घोळायलंय,
थांबायलंय,
परत घोळायलंय."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.
अकरा वाजायच्या आत तेवीस बाया, तेवीस सुपं,
ताडपत्रीच्या काठाला मांडी घालून.
डावीकडून उजवीकडं.
एकीचं थांबलं की दुसरीचं.
लेकरं गप्प.
खडकानं पोत्यातून डोकं बाहेर काढलं.
हात माझेच होते, रोजचेच,
आवाज मात्र माझ्या घरचा नव्हता.

तेवढ्यात ओमकेशला आठवलं, समुद्र खारट असतो.
विचारलं नाही कुणाला.
माझ्या कोठीतलं मीठ, पाच किलो,
प्यायच्या पिंपात.
दोनशे लिटर, टँकरचं.
पहिला पेला हेडसरांचा.

त्यांचं तोंड अंतराळातही असं झालं नव्हतं.
ओमकेश जेलीफिशच्या मागं दडला,
खेकडा त्याच्यापुढं पाने रोखून उभा.
पण रागावून काही पाणी गोड होत नाही.
मी म्हणलं, सर, जरा सरका.
चूल पेटवली. लग्नातलं पातेलं मागवलं.
ज्याच्या त्याच्या घरून भुईमुगाच्या शेंगा,
नुकत्या उपटलेल्या, माती अंगावर घेऊन आलेल्या.
धुवायला घरचं पाणी,
उकडायला समुद्राचं.

सगळ्या गावानं खाल्ल्या.
मामूनं चार फोडल्यावर मान हलवली:
"हां. हवा अशीच लागायची तोंडाला."

दिवस मावळायला बाबूशेठचा माणूस आला.
ताडपत्री झटकली: टरफलं, ज्वारीचे दाणे, एक पाना.
भोकं मोजली त्यानं, सात.
त्याच्या रुमालात शेंगा बांधल्या,
मग त्यानं वहीत पाच लिहिली.

पिंपात तळाला अजून थोडं शिल्लक आहे.
सुट्टी लागलीय, तरी ओमकेश रोज येतो,
बोट बुडवतो, चाखतो,
अन् मला सांगून जातो,
"मावशी, हाय अजून."